अडलेलं स्फुरद



बोलायला सुरुवात करण्याआधी एक काम उरकून घेतो. या टेबलावर पत्र्याचे तीन तुकडे ठेवले आहेत, वहीच्या पानाएवढे. तिन्ही एकाच शीटचे, ज्याला बाजारात सीआर पत्रा म्हणतात त्याचे. पहिला नुसता आहे, फडक्याने पुसून लख्ख केलेला. दुसरा करडा दिसतोय, पाटीवरचा खडू कोरड्या हाताने पुसल्यावर उरतो तसा. तिसराही करडाच, पण त्याला तेलाचा हात फिरवलाय. आता या तिन्हींवर मिठाचं पाणी शिंपडतो आणि वरून ओलं फडकं टाकतो. माझं बोलणं संपलं की उघडून बघू. मधे कुणी फडकं उचलायचं नाही. पहिल्या रांगेत बसलेल्या मुलांना ही खास विनंती.

व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी ‘पोलादावरचा फॉस्फेटचा थर’ असं सांगितलं. फोनवर जरा शांतता पसरली. मग ते म्हणाले, ‘सर, आदल्या दिवशी शिवचरित्र आहे, दुसऱ्या दिवशी हास्यकवी आहेत, आणि मधे...’ पुढचं ते सभ्यपणामुळे बोलले नाहीत. मी म्हटलं, पत्रिकेत ‘खत’ असं छापा, लोक येतील. (हशा.) त्यांनी काही छापलं नाही. पण मी सुरुवात खतापासूनच करणार आहे.

माझं घर दौंड तालुक्यातलं, भीमाकाठचं. वडील उसाच्या लागणीला सुपर फॉस्फेट टाकायचे. नत्र, स्फुरद, पालाश यातलं स्फुरद ते हेच. पोत्यावर १६ टक्के छापलेलं असतं. आणि शेतकी खात्याचा माणूस दरवेळी बजावून जायचा, हे फोकून देऊ नका, शेणखतात कालवून मुळाच्या जवळ द्या. कारण आपल्या काळ्या, चुनखडीच्या रानात स्फुरद अडतं. पोत्यात असतं तेव्हा ते पाण्यात विरघळणारं असतं. मातीतल्या चुन्याशी त्याची गाठ पडली की त्यातला आंबटपणा मरतो आणि त्याचा दगड होतो. मातीत ते असतं, पण मुळाला मिळत नाही. वडील म्हणायचे, ‘पैसे टाकले आणि मातीनं खाल्ले.’

पुढे मी रसायनशास्त्र शिकलो आणि पेंट शॉपला लागलो. आधी भोसरीच्या एका शेडमध्ये, मग रांजणगावची एमआयडीसी आली तसा घराजवळ. तिथे पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं, की ज्या अडण्यावर वडील चिडायचे त्याचाच मला पगार मिळतोय. मातीच्या जागी पत्रा ठेवा, कॅल्शियमच्या जागी जस्त ठेवा. बाकी गोष्ट तीच आहे.

ती गोष्ट अशी. फॉस्फोरिक आम्लाकडे तीन हायड्रोजन असतात. त्यातला एकच धातूने घेतला आणि दोन शिल्लक राहिले, तर होणारा क्षार पाण्यात विरघळतो. तिन्ही गेले तर विरघळत नाही, खाली बसतो. सुपर फॉस्फेटच्या पोत्यात कॅल्शियमचा पहिला प्रकार असतो आणि रानात गेल्यावर तो हळूहळू शेवटच्या प्रकाराकडे सरकतो. आमच्या टाकीत जस्ताचा पहिला प्रकार असतो. टाकीतलं पाणी आंबट, पीएच तीनच्या आसपास, लिंबाच्या रसाहून थोडं सौम्य. त्या आंबटपणामुळेच जस्ताचं फॉस्फेट विरघळून राहिलेलं असतं.

त्यात पत्रा बुडवला की आम्ल त्याला चावतं. लोखंड सुटून पाण्यात येतं, हायड्रोजनचे बारीक बुडबुडे निघतात. या चावण्यात आम्ल खर्च होतं, पण कुठे? फक्त पत्र्याच्या अंगालगत. चार बोटं दूर असलेल्या पाण्याला याचा पत्ताही नसतो. त्या लगतच्या पातळ पट्ट्यातला आंबटपणा उतरला की तिथलं फॉस्फेट विरघळून राहू शकत नाही आणि पत्र्याच्याच अंगावर स्फटिक होऊन बसतं. जिथे चावा बसला तिथेच कवच चढलं. सगळा पत्रा झाकला गेला की चावायला जागा उरत नाही, म्हणून थर वाढायचाही थांबतो. थांब म्हणून सांगायला कुणी लागत नाही. मला हे तेव्हाही नवलाचं वाटलं होतं आणि आजही वाटतं.

इथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना कल्हईवाला आठवत असेल. भाता, कोळसे, आणि नवसागराचा तो नाकात जाणारा पांढरा धूर. पितळेच्या पातेल्यावर नवसागर फिरवला नाही तर कथील धरायचं नाही. म्हणजे आधी सफाई आणि मग लेप, हे आपल्याला ठाऊकच आहे. फरक इतकाच, की कथील बाहेरून आणलेलं असतं, पातेल्यातून काही निघत नाही. फॉस्फेटच्या थरात पत्र्यातलं लोखंडही मिसळलेलं असतं. म्हणून रंगासारखा तो पापुद्रा होऊन सुटत नाही. नखाने ओरखडलं तर पांढरी रेघ उमटते, थर जागेवरच राहतो.

या स्फटिकांची नावं सांगतो, कारण नावांना गोष्टी आहेत. जस्ताचं फॉस्फेट पाण्याच्या चार रेणूंसह बसतं त्याला होपाइट म्हणतात. एडिंबरोचे रसायनशास्त्रज्ञ थॉमस चार्ल्स होप यांच्या नावावरून हे नाव पडलं. जस्ताच्या जोडीला लोखंड घेऊन जे स्फटिक होतात ते फॉस्फोफिलाइट. बोलिव्हियातल्या पोतोसीच्या खाणीत याचे निळसर हिरवे खडे सापडतात आणि हौशी संग्राहक त्यांना मोठी किंमत देतात. तेच खनिज अनेक मोटारींच्या दारांच्या रंगाखाली असतं, पण काही मायक्रॉन जाडीचं, करड्या पुडीसारखं. अंगठीत घालण्याजोगं तिथे काही नसतं.

आता शेडमध्ये चला. पावडर कोटिंगच्या छोट्या शेडमध्ये या कामाला ‘सेव्हन टँक’ म्हणतात. ओळीने सात टाक्या, वर होइस्ट, होइस्टला जॉबने, म्हणजे रंगवायच्या वस्तूंनी, भरलेली बास्केट. पहिल्या टाकीत गरम अल्कली, तेल आणि ग्रीस काढायला. दुसरीत पाणी. तिसरीत आम्ल, गंज काढायला. चौथीत पाणी. पाचवीत फॉस्फेट. सहावीत पाणी. सातवी पॅसिव्हेशनची, थरातल्या उघड्या जागा झाकायला. मग वाळवायचं, पावडर मारायची आणि भट्टीत घालायचं. लक्ष देऊन मोजलंत तर सातांतल्या तीन टाक्या नुसत्या पाण्याच्या आहेत. नव्या मालकाला हीच गोष्ट पटत नाही. तो म्हणतो, केमिकलचे पैसे देतो ते समजतं, पण पाण्यासाठी तीन टाक्या कशाला? पाण्याकडे मी परत येणार आहे, कारण माझी सगळ्यात मोठी चूक तिथेच झाली.

तेल निघालं की नाही हे ओळखायला उपकरण लागत नाही. पत्रा पाण्यातून वर काढायचा आणि बघायचं. पाणी सलग पसरलं तर पत्रा स्वच्छ. थेंब होऊन ओघळलं तर तेल शिल्लक आहे. आमच्याकडे हँगरला जॉब लावणाऱ्या एक मावशी होत्या. त्या माझ्या आधी ओळखायच्या. ‘सायेब, पाणी अळूवाणी पळतंय, परत धुवा.’ पुस्तकात या परीक्षेला मोठं नाव आहे. मी मात्र नव्या पोरांना अळूची परीक्षा म्हणूनच शिकवत आलो.

फॉस्फेटच्या टाकीची नाडी बघायला बुरेट लागतं. टाकीतलं दहा मिली पाणी घ्यायचं, कॉस्टिकचं द्रावण थेंबाथेंबाने सोडायचं, रंग पालटेपर्यंत किती मिली लागलं ते लिहायचं. त्याला ‘पॉइंट’ म्हणतात. एका सूचकाने फ्री ॲसिड कळतं, दुसऱ्याने टोटल ॲसिड. दोन्हींचं प्रमाण सांभाळणं हाच सगळा धंदा. फ्री ॲसिड वाढलं तर आम्ल नुसतं चावत राहतं, थर बसत नाही. कमी झालं तर फॉस्फेट पत्र्यावर बसायचं सोडून टाकीतच गाळ होऊन पडतं. आणि ‘टोनर’ म्हणून जे घालतात ते सोडियम नायट्राइट. पत्र्यावर चिकटून बसणारे हायड्रोजनचे बुडबुडे ते हटवतं आणि सुटलेल्या लोखंडाला गाळात नेऊन बसवतं. टोनर संपला की पत्रा पिवळट, ठिपक्याठिपक्यांचा निघतो. रात्रपाळीत तो संपला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, की सकाळी आल्या आल्या माझं डोकं फिरायचं.

टोनर नव्हता तेव्हा काय करत होते? तेव्हा वेळ लागायचा. बर्मिंगहॅमच्या थॉमस वॉट्स कॉस्लेट यांनी १९०६ मध्ये या प्रक्रियेचं पेटंट घेतलं. फॉस्फोरिक आम्ल, त्यात लोखंडाचा कीस, आणि उकळत्या पाण्यात तासन् तास वस्तू ठेवायची. पुढे अमेरिकेत पार्कर यांची गंजरोधक कंपनी १९१५ मध्ये निघाली. त्यांच्यामुळे ‘पार्करायझिंग’ हा शब्द रूढ झाला. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी बंदुकांचा तो काळपट करडा, न चमकणारा रंग म्हणजे हीच प्रक्रिया. आज मोटारीच्या कारखान्यात हे काम दोन-तीन मिनिटांत होतं. आपल्याकडे भारतीय मानक ३६१८ हे याच विषयावरचं, १९६६ सालचं आहे.

फॉस्फेटचे तीन भाऊ आहेत, त्यांची थोडक्यात ओळख करून देतो. लोहाचं फॉस्फेट सगळ्यात पातळ, चौरस मीटरला एक ग्रॅमही नाही, निळसर झाक असलेलं. घरातल्या रॅकला, खुर्चीला ते पुरतं. जस्ताचं मधलं, रंगाखाली दोन ते चार ग्रॅम. मॅंगनीजचं जाड आणि काळं, नव्वद अंशांच्या वर तापवलेल्या टाकीत होणारं, गिअर आणि बोल्टसाठी. त्यात तेल जिरतं आणि मुरून राहतं. तार ओढणारे तर गंज थांबवायला नाही, तार साच्यातून सहज निघावी म्हणून फॉस्फेट आणि वर साबण वापरतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. नुसता फॉस्फेटचा थर गंज थांबवत नाही. तो सच्छिद्र असतो, ओलावा आत जातो. त्याचं खरं काम वर येणाऱ्याला धरून ठेवायचं, मग ते तेल असो वा रंग. रंगाला कुठे ओरखडा पडला की तिथे लोखंड विरघळतं आणि शेजारी, रंगाच्या खाली, अल्कली तयार होते. ती अल्कली रंगाची पकड सोडवत जाते आणि ओरखड्यापासून गंज आत आत सरकतो. फॉस्फेटचे स्फटिक विजेला वाट देत नाहीत, म्हणून हे सरकणं रेंगाळतं. मघाचं फॉस्फोफिलाइट अल्कलीला जास्त दाद देत नाही, म्हणून मोटारवाले पत्र्यावर त्याचं प्रमाण किती हे बघतात.

आपल्याकडे एक समजूत आहे, की गंज हा कोकणाचा रोग. शिरूर-दौंड पर्जन्यछायेतले, इथे कसला गंज? मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा तळ बघा. युरियाच्या आणि डीएपीच्या फाटक्या गोण्या, ओलं शेणखत, मळी, आणि धुवायला बोअरचं खारट पाणी. समुद्रकिनाऱ्याला लाजवेल असा मामला आहे. नवी ट्रॉली घेताना आपण बघतो काय, तर मागे नाव कोणत्या रंगात काढलंय. निळ्यावर पिवळं की लालवर पांढरं. रंगाखाली काय आहे हे विचारणारं गिऱ्हाईक मला आजवर भेटलं नाही, आणि विचारलं नाही तर बनवणारा तरी कशाला करील?

गेट आणि ग्रिल करणाऱ्या आपल्या वेल्डिंगवाल्यांकडे सात टाक्या नसतात, ते मला मान्य आहे. तिथे पॉलिश पेपर मारून थेट रेड ऑक्साइड फासतात. रेड ऑक्साइड म्हणजे काय? लोखंडाचंच ऑक्साइड, म्हणजे गंजाचाच सख्खा भाऊ. गंजाच्या वर गंजाचा रंग. तो पाणी अडवतो, बाकी फारसं काही करत नाही. याच्या आधी पुलांना आणि जहाजांना शेंदूर लावत. हो, आपला मारुतीचा शेंदूर, म्हणजे शिशाचं ऑक्साइड. लोखंडासाठी तो उत्तम होता, पण माणसाला विषारी, म्हणून मागे पडला. त्याच्या जागी प्रायमरमध्ये जे आलं त्यात जस्ताचं फॉस्फेट आहे. दुकानात डबा घेताना ‘झिंक फॉस्फेट प्रायमर’ म्हणून मागा. थोडा महाग पडतो. गंज फॉस्फोरिक आम्लाच्या द्रावणाने काढत असाल तर नंतर भरपूर पाण्याने धुवा आणि वाळवा, बाटलीवर काहीही लिहिलेलं असो.

आणि साखर कारखान्यात काम केलेली मंडळी इथे असतीलच, न्हावऱ्याच्या घोडगंगेत नाहीतर पाटसच्या भीमेत. उसाच्या रसात फॉस्फेट कमी पडलं तर फॉस्फोरिक आम्ल घालतात आणि मग चुन्याचं दूध. चुना भेटला की फॉस्फेट अडतं आणि खाली बसताना रसातला मळ घेऊन बसतं. रस निवळतो. म्हणजे वडिलांनी रानात ज्याला शिव्या दिल्या, त्यानेच त्यांच्या उसाचा रस निवळला.

आता माझी चूक. साल सांगत नाही आणि शेडचं नाव तर नाहीच, कारण दोष शेडचा नव्हता. मे महिना होता, असाच. बोअर आटलेलं, टँकर एक दिवसाआड. काम शाळांच्या कपाटांचं, जूनच्या आत द्यायचं. सहाव्या टाकीतलं पाणी रोज बदलायचं असतं, मी ते आठ दिवस चालवलं. फॉस्फेट सुरेख बसत होतं, पावडर गुळगुळीत, चौकटी पाडून टेप लावून ओढला तरी कण निघत नव्हता. मी सही केली. श्रावणात फोन आला. कपाटांवर फोड आले होते, कांजिण्यांसारखे. टाचणीने फोडला तर आतून पाणी निघायचं आणि खाली लाल ठिपका. काही कपाटांवर तर चार फोड ओळीने आणि एक समोर. म्हणजे धुतल्यानंतर कुणीतरी घामेजल्या हाताने जॉब उचलला होता. चार बोटं आणि अंगठा.

हे का होतं ते या दिवसांत घराघरात कळण्यासारखं आहे. लोणच्यासाठी कैरीला मीठ लावून ठेवलं की तासाभरात पाणी सुटतं. मीठ पाणी ओढतं. रंगाचा थर आपल्याला बंदिस्त वाटतो, पण ओलाव्याला तो हळूहळू आत येऊ देतो. खाली मीठ राहिलं असेल, टँकरच्या पाण्यातलं, आम्लाच्या टाकीतलं, नाहीतर माणसाच्या घामातलं, तर ते त्या ओलाव्याला ओढून घेतं आणि फोड फुगतो. उन्हाळ्यात केलेली चूक पावसाळ्यात फुगते. सगळी कपाटं परत आणली. रंग जाळून काढला, पुन्हा सातही टाक्या. पाणी वाचवलं होतं त्याच्या कितीतरी पट पाणी त्यात गेलं.

म्हणून मोठ्या कारखान्यांत शेवटचं धुणं क्षार काढलेल्या पाण्याने करतात. रांजणगावात फ्रिज बनतात, २०१७ पासून जीप कंपास बनते. मोटारीचा सांगाडा धुतल्यावर फॉस्फेटमध्ये, मग पुन्हा धुऊन विजेच्या रंगात अख्खा बुडवतात. विजेमुळे रंग फटीत, पोकळीत, जिथे ब्रश आणि फवारा पोचत नाही तिथेही चढतो. पण त्याच्याही आधी फॉस्फेट तिथे पोचलेलं असावं लागतं. गाडी घेताना आपण सनरूफ बघतो, तो भाग वेगळा.

दिल्लीच्या लोहस्तंभाबद्दल कुणीतरी प्रश्न विचारणार हे मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगतो. चौथ्या-पाचव्या शतकातला, सात मीटरहून उंच, सहा टनांहून जड, आणि गंजून संपला नाही. आयआयटी कानपूरचे प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांनी २००० साली त्याच्या थराचा अभ्यास प्रसिद्ध केला. जुन्या भट्टीत चुनखडी घालत नसत, म्हणून खनिजातला फॉस्फरस लोखंडातच राहिला, पाव टक्क्याच्या आसपास. आजच्या पोलादात एवढा फॉस्फरस असला तर माल नापास होतो, कारण पोलाद ठिसूळ होतं. पण दिल्लीच्या हवेत ओलं-कोरडं होत राहून त्याच फॉस्फरसपासून स्तंभाच्या अंगावर लोहाच्या फॉस्फेटचा थर तयार झाला. आम्ही तीन मिनिटांत करतो ते तिथे अनेक पावसाळ्यांत झालं. त्यात कुणा लोहाराला हे रसायन ठाऊक होतं असं मात्र मी म्हणणार नाही. व्हॉट्सॲपवर काहीही येतं. लोहाराला आपली भट्टी ठाऊक होती, एवढं पुरे आहे.

आता गाळाचं बोलतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा नुसतं कौतुक करून गेला. फॉस्फेटच्या टाकीत रोज गाळ साचतो, पिवळट पांढरा, ओल्या चुन्यासारखा. आठवड्याला उपसावा लागतो. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत पहिल्याच परिशिष्टात ‘फॉस्फेट स्लज’ नाव घेऊन नोंदवलेला आहे. तो कुठेही टाकता येत नाही. रांजणगावातच अशा कचऱ्याचं सामाईक केंद्र आहे, मोठे कारखाने गाळ वजन करून, कागद करून तिथे पाठवतात. छोटी शेड काय करते? काही जण पाठवतात. काही जणांच्या मागच्या भिंतीपलीकडे पांढरा ढीग मी स्वतः पाहिलाय. पॅसिव्हेशनच्या टाकीत पूर्वी क्रोमिक आम्ल असायचं, सहा संयुजेचं क्रोमियम, कर्करोगकारक. आता क्रोमियम नसलेली द्रावणं मिळतात. पण अजूनही कुठल्या शेडमध्ये सातव्या टाकीत पिवळंधमक पाणी दिसलं तर ते काय आहे ते विचारा आणि हात घालू नका.

आणि नदी. आपल्या शिरूर तालुक्यात दोन रांजणगावं आहेत. एक गणपतीचं, जिथे कारखाने आहेत. दुसरं सांडस, जिथे मुळा-मुठा भीमेला मिळते. त्या संगमावर उभं राहिलात तर जलपर्णी दिसेल, आणि दौंडच्या खाली उजनीच्या फुगवट्यापर्यंत दिसत राहील. जलपर्णीला जे लागतं त्यात स्फुरद आहे. मोठा वाटा शहराच्या सांडपाण्याचा, साबणाचा, शेतातून धुऊन आलेल्या खताचा. पेंट शॉपचा त्यामानाने थोडा. थोडा असला तरी तो आमचा आहे. रानात स्फुरद अडतं म्हणून शेतकरी रडतो आणि नदीत ते अडत नाही म्हणून मासेमार रडतो.

यामुळेच आता मोठ्या कारखान्यांत फॉस्फेटला पर्याय आलाय, झिर्कोनियमचा. थर नॅनोमीटरमध्ये मोजायचा इतका पातळ, टाकी तापवायला नको, गाळ नावाला. रीत मात्र तीच. आधी आम्ल चावतं, पत्र्यालगतचा आंबटपणा उतरतो आणि तिथेच झिर्कोनियमचं ऑक्साइड बसतं. पण हा थर फॉस्फेटसारखा समजूतदार नाही. पत्र्याला थोडं तेल राहिलं, त्याच्या आधीच्या टाकीतलं पाणी थोडं खारट असलं तर फॉस्फेट निभावून नेतं. झिर्कोनियम लगेच रुसतं. त्यामुळे छोट्या शेडमध्ये अजून काही वर्षं सात टाक्याच राहतील असं माझं मत आहे. कुणी तरुण उद्योजक मला खोटं ठरवत असेल तर मी त्याच्या शेडवर चहाला येईन.

चला, फडकं उचलू. मुलांनी पुढे या, हात मात्र लावू नका.

पहिला पत्रा बघा. लख्ख होता. आता त्यावर नारिंगी ठिपके आहेत, आणि जिथे पाणी साचलं तिथे सलग पट्टा. तिसरा, तेलाचा, जसा होता तसा. मिठाचं पाणी त्यावर अजून थेंब होऊन बसलंय. मावशी असत्या तर म्हणाल्या असत्या, अळूवाणी. आणि हा दुसरा, नुसत्या फॉस्फेटचा. मधला भाग करडाच आहे. कडा बघा. चारही कडांना बारीक लाल रेघ आहे. काल घरी मोठ्या शीटमधून कात्रीने कापला तो फॉस्फेट झाल्यावर. कापलेल्या कडेला टाकीचं पाणी लागलेलं नाही.

कुणी हा पत्रा घरी नेऊन बघणार असेल तर न्या. आठ दिवस तुळशीच्या कट्ट्यावर ठेवा आणि मधला भाग कधी गंज धरतो ते लिहून ठेवा. आणि हे फडक्यातलं मिठाचं पाणी कुंडीत पिळू नका, मागे मोरी आहे.